खासदारांचा पगार वाढला, आपला टॅक्स कमी झाला : या दोघांचा एकमेकांशी संबंध काय?



नवीन स्लॅबचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, एका हाताने १२ लाखांची सूट दिली आणि दुसऱ्या हाताने खासदारांचा पगार वाढवला. म्हणजे आपलाच पैसा इकडून तिकडे फिरवला ना?" प्रश्न रागातून आलेला आहे, पण वाईट नाही. फक्त व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर द्यायला गेलो तर अर्धवट राहील, म्हणून इथे आकड्यांसकट लिहितोय. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

आधी काय झालं ते बघू. १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी नवीन करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य केला. पगारदारांना ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं म्हणून त्यांच्यासाठी तो आकडा १२.७५ लाख. आपल्यासारख्या धंदेवाल्यांना ते डिडक्शन नाही, आपल्याला १२ लाखच. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, मार्च २०२५ मध्ये खासदारांच्या पगारवाढीची अधिसूचना निघाली. महिन्याचा पगार १ लाखावरून १ लाख २४ हजार, तोही १ एप्रिल २०२३ पासून मागच्या तारखेने. अधिवेशनाचा दैनिक भत्ता २ हजारांवरून अडीच हजार, माजी खासदारांचं पेन्शन २५ हजारांवरून ३१ हजार. दोन बातम्या एकापाठोपाठ आल्या आणि लोकांनी त्या एकमेकींना जोडल्या.

आता पहिलं काम, पैशाचा हिशोब. लोकसभेत ५४३ जागा, राज्यसभेत सध्या २४५. एकूण ७८८. प्रत्येकाला महिन्याला २४ हजार जास्त, म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार. गुणाकार करा : साधारण २२ कोटी ७० लाख रुपये. सगळ्या जागा भरलेल्या धरल्या तरी इतकंच.

आणि करकपातीने सरकारने किती सोडलं? बजेटच्या भाषणातच सांगितलंय, प्रत्यक्ष करात सुमारे १ लाख कोटी रुपये. आता भागाकार करा. पगारवाढीची रक्कम ही करकपातीच्या साडेचार हजाराव्या भागाच्या आसपास येते. नुसती वाढच कशाला, ७८८ खासदारांचा सगळाच्या सगळा पगार बंद केला तरी वर्षाला ११७ कोटी वाचतील. १ लाख कोटींच्या भोकाला ११७ कोटींचं ठिगळ! म्हणजे ज्याच्या दुकानाची वर्षाची उलाढाल १ कोटी आहे, त्याने वर्षाला बारा हजार वाचवल्यासारखं. वाचवावेत, नाही कोण म्हणतंय, पण त्यावर दुकान तरत नाही की बुडत नाही.

तेव्हा "खासदारांना द्यायचे म्हणून आपल्याकडून घेतले" किंवा "आपल्याला गप्प बसवायला सूट दिली आणि स्वतःचं भागवलं" ही दोन्ही वाक्यं हिशोबात बसत नाहीत. भत्ते, विमान, रेल्वे, बंगला हे सगळं धरलं तर खर्च वाढतो हे खरं, पण करकपातीच्या आकड्याजवळ तो कुठूनही पोचत नाही.

मग संबंध नाहीच का? आहे. आणि तो रकमेपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. हा भाग नीट वाचा.

खासदारांचा पगार २४ टक्क्यांनीच का वाढला? २० नाही, २५ नाही, २४ का? या २४ चं मूळ आपल्या इन्कम टॅक्स कायद्यात आहे.

राज्यघटनेच्या कलम १०६ प्रमाणे खासदारांचा पगार संसदच कायद्याने ठरवते. १९५४ च्या कायद्यात तो महिना ४०० रुपये होता. पुढे वेळोवेळी विधेयक आणायचं, सभागृहात मंजूर करायचं आणि पेपरात शिव्या खायच्या, असंच चालायचं. २०१० मध्ये १६ हजारांवरून एकदम ५० हजार केला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. शेवटी २०१८ च्या बजेटमध्ये अरुण जेटली यांनी यावर तोडगा काढला. स्वतःचा पगार स्वतः ठरवण्याच्या पद्धतीवर टीका होते, म्हणून पगार १ लाख करायचा आणि तिथून पुढे दर पाच वर्षांनी महागाईप्रमाणे तो आपोआप वाढवायचा. महागाई मोजायची कशाने? तर इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम ४८ मधल्या कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्सने.

हा इंडेक्स तुमच्यापैकी ज्यांनी जागा विकली आहे त्यांना माहीत असेल. २००१-०२ साल म्हणजे १०० धरून सरकार दरवर्षी एक आकडा जाहीर करतं. २०१८-१९ चा आकडा २८०, २०२३-२४ चा ३४८. आता ३४८ भागिले २८०. उत्तर १.२४. झाला १ लाखाचा १ लाख २४ हजार! कुणी हात वर केला नाही, मतदान झालं नाही, वाढ आपोआप लागली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा इंडेक्स पूर्ण महागाई धरत नाही. शहरी ग्राहक किंमत निर्देशांकात जी सरासरी वाढ होते, तिच्या ७५ टक्क्यांच्या हिशोबाने तो ठरतो. म्हणजे खासदारांना महागाईच्या तीन चतुर्थांशाइतकीच वाढ मिळाली. आणि कोविडच्या काळात, एप्रिल २०२० पासून वर्षभर, त्यांचा पगार ३० टक्क्यांनी कापलाही होता. त्यामुळे "लूट चालली आहे" हा शब्द मला या वाढीसाठी योग्य वाटत नाही. पद्धत तर मला आवडलीच. दुकानात नोकराचा पगार ठरवतानाही मी हेच सांगतो, नियम आधी ठरवा म्हणजे दरवर्षी दिवाळीला तोंडं वाकडी होत नाहीत.

प्रश्न वेगळाच आहे. हा नियम खासदारांच्या पगाराला लागतो, तर तो आपल्या स्लॅबला का लागत नाही?

स्लॅब जागेवर, महागाई पुढे

समजा तुमचं उत्पन्न दरवर्षी फक्त महागाईइतकं वाढतंय. मालाचे भाव वाढले, तुम्ही विक्रीचे भाव वाढवले, नफ्याचा आकडा फुगला. प्रत्यक्षात तुम्ही श्रीमंत झालात का? नाही. तीच किराणा यादी, तीच फी, तेच घर. पण स्लॅब जागेवर आहे, म्हणून तुमचा आकडा सरकत सरकत वरच्या दरात गेला. टॅक्सचा दर कुणी वाढवला नाही, बजेटमध्ये एक शब्द बोलला गेला नाही, तरी तुमचा टॅक्स वाढला. मी याला 'न बोलता केलेली करवाढ' म्हणतो.

खरे आकडे घेऊ. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा २०१४ मध्ये अडीच लाख झाली. त्या वर्षीचा इंडेक्स २४०. २०२५-२६ चा ३७६. खासदारांचाच नियम या अडीच लाखाला लावला तर ३ लाख ९२ हजार येतात. जुन्या करप्रणालीत ही मर्यादा आजही अडीच लाखच आहे. ३० टक्क्यांचा दर १० लाखांच्या पुढे सुरू होतो हे २०१२-१३ पासून आहे, तेव्हा इंडेक्स होता २००. आज तो आकडा १८ लाख ८० हजार हवा होता. जुन्या प्रणालीत अजून १० लाखच आहे.

आता नवीन प्रणाली बघा. पहिला शून्य दराचा स्लॅब ४ लाखांपर्यंत, आणि ३० टक्के २४ लाखांच्या पुढे. म्हणजे २०२५ मध्ये सरकारने इंडेक्सने जे व्हायला हवं होतं तेवढं दिलं, वरच्या स्लॅबला तर त्याहून जास्त दिलं. शिवाय १२ लाखांपर्यंत रिबेट वेगळं. हे मान्य करायलाच पाहिजे. नवीन प्रणालीत आहात तर तुम्हाला महागाईची भरपाई मिळाली आहे, जुनीत आहात तर मिळालेली नाही. याला 'भेट' मात्र म्हणू नका. त्यातला मोठा भाग म्हणजे इतक्या वर्षांची थकलेली उधारी एकदम वसूल झाली, असं समजा. मधल्या वर्षांत जो जास्तीचा टॅक्स भरला तो परत आला नाही. खासदारांच्या वाढीला मात्र मागची तारीख होती.

फरक इथे आहे. त्यांची वाढ कायद्यात लिहिलेली आहे, तारखेसकट. आपली वाढ अर्थमंत्र्यांच्या भाषणात असते, आणि कुठल्या वर्षी येईल ते कोणालाच ठाऊक नसतं.

गंमत बघा, २०१८ च्या ज्या फायनान्स अ‍ॅक्टने खासदारांच्या पगाराला इंडेक्स जोडला, त्याच बजेटमध्ये वैयक्तिक उत्पन्नाच्या स्लॅबला हात लावला नव्हता. सेस मात्र ३ वरून ४ टक्के झाला. पगारदारांना ४० हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळालं, त्याच्या बदल्यात वाहतूक भत्ता आणि मेडिकलची सवलत गेली. दुकानदाराच्या हातात काय आलं? सेस.

त्यापुढची गोष्ट मला जास्त खटकते. २३ जुलै २०२४ पासून मालमत्ता विकताना हाच इंडेक्स लावायची सोय काढून टाकली. आता सरळ नफ्यावर साडेबारा टक्के. ओरड झाल्यावर एवढंच केलं की ज्यांनी जमीन किंवा इमारत त्या तारखेआधी घेतली आहे, त्या रहिवासी व्यक्तींना आणि एकत्र कुटुंबांना जुन्या पद्धतीने, इंडेक्स लावून २० टक्के, असा हिशोब करायची मुभा दिली. तुम्ही २०१८-१९ मध्ये २८ लाखांना एक गाळा गुंतवणूक म्हणून घेतला (धंद्यात दाखवून घसारा घेतलेला नाही, हे महत्त्वाचं) आणि आता ४५ लाखांना विकलात. इंडेक्सने खरेदीची किंमत होते ३७.६ लाख, नफा ७.४ लाख, टॅक्स १ लाख ४८ हजार. इंडेक्स नसता तर नफा १७ लाख, टॅक्स २ लाख १२ हजार ५००. हाच गाळा ऑगस्ट २०२४ मध्ये घेतलेला असेल, तर पुढे कधीही विका, पहिला पर्यायच नाही. म्हणजे जुलै २०२४ मध्ये जो इंडेक्स आपल्या नवीन खरेदीवरून काढला, त्याच इंडेक्सने मार्च २०२५ मध्ये पगार वाढवला. बेकायदेशीर काही नाही. पण हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं पाहिजे.

करकपातीचा खासदारांच्या हातातल्या पगारावर काय परिणाम झाला?

ही बाजू कोणी बघत नाही. जुना पगार वर्षाला किती? १ लाख गुणिले १२, बरोबर १२ लाख. आणि नवीन प्रणालीत टॅक्स शून्य कुठपर्यंत? १२ लाखांपर्यंत. पगार वाढला नसता आणि दुसरं काही उत्पन्न नसतं, तर २०२५-२६ मध्ये खासदाराला पगारावर एक रुपयाही टॅक्स लागला नसता!

पगार वाढून झाला १४ लाख ८८ हजार. खासदार हे सरकारचे नोकर धरले जात नाहीत, म्हणून त्यांचा पगार टॅक्समध्ये 'पगार' या सदरात न येता 'इतर उत्पन्न' या सदरात येतो. म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन त्यांनाही नाही, आपल्यासारखंच. आता नवीन स्लॅब लावा. ४ ते ८ लाखांवर २० हजार, ८ ते १२ वर ४० हजार, उरलेल्या २.८८ लाखांवर १५ टक्क्यांनी ४३ हजार २००. एकूण १ लाख ३ हजार २००, सेस धरून १ लाख ७ हजार ३२८.

वाढ मिळाली २ लाख ८८ हजारांची, त्यातून टॅक्स गेला १ लाख ७ हजार. हातात उरले १ लाख ८० हजार ६७२. वाढीतला ३७ टक्के भाग परत सरकारकडे! हे १२ लाखांच्या कड्यामुळे होतं. कड्याच्या अलीकडे शून्य, पलीकडे गेलात की आधीच्या ६० हजारांची माफी निघून जाते. दुसरीकडे, २०२४-२५ चेच स्लॅब राहिले असते तर याच १४.८८ लाखांवर १ लाख ४३ हजार १०४ टॅक्स लागला असता. म्हणजे करकपातीने खासदाराचेही ३५ हजार ७७६ रुपये वाचवले. भत्त्यांचा विषय यात धरलेला नाही. दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता जुन्या प्रणालीत करमुक्त आहेत, नवीन घेतली तर ती सूट जाते. तेव्हा कुठली प्रणाली परवडते याचं डोकं त्यांच्या सीएलाही खाजवावं लागतं.

हा कडा तुमच्याही वाटेत आहे म्हणून सांगतो. यंदा नफा बरोबर १२ लाख, टॅक्स शून्य. पुढच्या वर्षी महागाईने ५ टक्के वाढून १२ लाख ६० हजार झाला. स्लॅबने टॅक्स ६९ हजार येतो, पण मार्जिनल रिलीफमुळे १२ लाखांच्या वरच्या रकमेइतकाच, म्हणजे ६० हजार धरतात. वर ४ टक्के सेस २,४००. वाढलेला सगळा नफा गेला आणि खिशातले २,४०० वरून गेले. महागाई पचवायला जी वाढ हवी होती, तीच गेली. उत्पन्न साधारण १२ लाख ७० हजारांच्या पुढे गेलं की मगच हातात वाढ दिसायला लागते. १२ लाखांचा आकडा इंडेक्सला जोडलेला असता तर हा माणूस या कड्यावर आलाच नसता.

कलम ४४ एडी वापरणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवा. २ कोटींची उलाढाल, सगळी ऑनलाइन किंवा बँकेतून, ६ टक्क्यांनी नफा बरोबर १२ लाख. बरेच जण या आकड्यावर खूश आहेत. (खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा असतो, ६ टक्के ही खालची मर्यादा आहे. हे मी प्रत्येक बॅचमध्ये सांगतो आणि प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी हसतं.) भाव वाढले की उलाढाल वाढणार, विक्रीचे नग तेवढेच राहिले तरी.

भागीदारांनी स्वतःचा पगार ठरवला तर?

कोणी म्हणेल, संसदेने स्वतःचा पगार ठरवणं यात वेगळं काय, भागीदारी फर्ममध्ये भागीदार हेच करतात. बरोबर. पण तिथे इन्कम टॅक्स कायदा कलम ४० बी ची वेसण घालतो. भागीदारांना किती पगार दिला तर तो फर्मचा खर्च म्हणून मान्य, याची मर्यादा आहे. २००९ पासून पहिल्या ३ लाख नफ्यावर ९० टक्के किंवा दीड लाख, यातलं जे जास्त ते, आणि पुढच्या नफ्यावर ६० टक्के. ही ३ लाख आणि दीड लाखाची रेघ थेट जुलै २०२४ च्या बजेटमध्ये हलली आणि ६ लाख व ३ लाख झाली. तोपर्यंत इंडेक्स १४८ वरून ३६३ झाला होता, म्हणजे जवळजवळ अडीच पट. आपल्याला दुप्पट मिळालं, तेही पंधरा वर्षं थांबून.

न हललेली रेघ नेहमी आपल्या विरोधातच जाते असंही नाही. व्यवसाय कर बघा. घटनेने त्याची कमाल मर्यादा १९८८ मध्ये वर्षाला अडीच हजार केली, ती आजही तीच आहे. महाराष्ट्रात आपण आजही तेवढाच भरतो. इथे महागाई आपल्या बाजूने लढते.

आमदारांचं गणित वेगळं आहे, कारण त्यांचा पगार राज्याची विधानसभा ठरवते पण इन्कम टॅक्स ठरवणं त्यांच्या हातात नाही, ते केंद्राकडे. मात्र केंद्राने टॅक्स कमी केला की झळ राज्याला बसते. पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे केंद्राच्या वाटपयोग्य करांतला ४१ टक्के वाटा राज्यांचा. १ लाख कोटी सोडले तर ढोबळमानाने ४१ हजार कोटी राज्यांच्या वाट्यातून कमी झाले.

अमेरिकेत हे सगळं बरोबर उलटं आहे. तिथे १९८५ पासून इन्कम टॅक्सचे स्लॅब दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप सरकतात. आणि काँग्रेस सदस्यांचा पगार? २००९ पासून वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलरवरच अडकलाय, कारण आपोआप वाढीचा नियम असूनही लोकलाजेस्तव ते दरवर्षी ती वाढ नाकारतात. तिथे जनतेचे स्लॅब आपोआप सरकतात आणि नेत्यांना लाज आडवी येते. इथे नेत्यांचा पगार आपोआप सरकतो आणि जनतेला बजेटची वाट बघावी लागते.

तेव्हा कोणी तुम्हाला तो मेसेज पाठवला की "यांचा पगार कमी करा, आमचा टॅक्स कमी होईल", तर त्याला २२ कोटी ७० लाखांचा हिशोब दाखवा. आणि तुमच्या व्यापारी संघटनेची बजेटपूर्व निवेदनं जातात ना, त्यात "टॅक्स कमी करा" या नेहमीच्या ओळीऐवजी हे लिहा : १९५४ च्या खासदार वेतन कायद्यात २०१८ साली जी तरतूद घातली, तीच स्लॅबला, रिबेटच्या १२ लाखांना आणि ४४ एडीच्या उलाढाल मर्यादेला लावा. पाच वर्षांनी एकदा लावली तरी चालेल. एवढं नेमकं मागितलं की समोरच्याला "विचार करू" म्हणून टाळणं अवघड जातं, कारण सूत्र त्यांचंच आहे.

खासदारांची पुढची वाढ १ एप्रिल २०२८ ला आहे. पायाचा आकडा ३४८. २०२५-२६ चा इंडेक्स ३७६ झालाच आहे, म्हणजे आजच हिशोब केला तर १ लाख २४ हजारांचे १ लाख ३४ हजारांच्या आसपास होतात. १२ लाखांच्या मर्यादेपुढे अशी कुठलीही तारीख लिहिलेली नाही.